चाचांच्या हातचं फिटिंग

आमच्या स्वयंपाकघरातली ट्यूब पहिल्यांदा फडफडली तेव्हा मी भाकरी थापत होते. उजेड क्षणभर दबला, परत आला, पुन्हा दबला आणि मग काही झालंच नाही अशा थाटात लागून राहिला. मी वर पाहिलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि विसरून गेले. घरातलं लाईटचं सगळं काम नव्यानं होऊन जेमतेम पाच दिवस झाले होते. नव्या कामात काही खोट असेल हे डोक्यात यायचं कारणच नव्हतं. त्यातून ते काम चाचांनी केलेलं.

चाचा म्हणजे अंबडमधले जुने लाईट मिस्त्री. वय साठीच्या पुढे, अंगानं काटक, डोक्यावर पांढरी जाळीची टोपी आणि शर्टाच्या खिशाला अडकवलेला टेस्टर. वीस वर्षांपूर्वी आम्ही हे घर बांधलं तेव्हाचं फिटिंगही त्यांचंच. मी सरकारी दवाखान्यात नर्स, नवरा एसटीत कंडक्टर. दोघांच्या ड्युट्या अशा की बांधकामावर उभं राहायला कोणी नसायचं. चाचा आपलं काम नसलं तरी सायकलवरून चक्कर मारायचे आणि दवाखान्यात येऊन सांगायचे, "सिस्टर, गवंड्यानं खिडकी एक वीत खाली घेतली, बघून घ्या."

थोरली पोटात होती तो मे महिना मला चांगला आठवतो. आमचा एकुलता पंखा जळाला होता. चाचांनी तो दुरुस्तीला नेला आणि तासाभरात स्वतःच्या घरातला पंखा काढून आणून आमच्या छताला लावला. आठ दिवस तो आमच्याकडे फिरत होता. त्यांच्या घरी ते आठ दिवस कसे गेले, हे मी कधी विचारलं नाही.

तर यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला जुनं फिटिंग बदलायचं ठरलं. कूलर, फ्रीज, गिझर एकेक करून घरात आले होते आणि जुन्या तारा गरम व्हायला लागल्या होत्या. दुसऱ्या कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. चाचांनी आठ दिवस काम केलं. एकटेच. भिंती फोडून पाइप टाकायला दोन गडी आले होते, पण तारा ओढणं, बोर्ड भरणं, सगळं त्यांनी आपल्या हातानं केलं. मधेच थांबून डोळे मिटून बसायचे. मी चहा द्यायचे, सकाळी एकदा आणि चारला एकदा. त्यांना गोड लागतो म्हणून साखर जरा जास्तच.

ट्यूब दुसऱ्यांदा फडफडली, तिसऱ्यांदा फडफडली, मग मी लक्ष द्यायला लागले. ताप येतो-जातो म्हणणाऱ्या पेशंटला आम्ही आधी विचारतो, कधी येतो, काय केल्यावर येतो. तशी मी एका कागदाच्या पाठीवर टिपणं ठेवायला लागले. फ्रीज सुरू झाला की ट्यूब दबते. कूलर लावला की पुढच्या खोलीतला बल्ब थरथरतो. इस्त्री लावली की बेडरूममधलं सगळंच लुकलुकतं. आणि कधी कधी यातलं काहीच सुरू नसताना, भर दुपारी, पंख्याचा आवाज एकदम बदलतो.

चाचांना फोन केला. ते लगेच आले. ट्यूब काढली, उलटीसुलटी करून बघितली आणि नवी लावली. म्हणाले, "आजकाल माल हल्का येऊन राह्यला, सिस्टर. आता कुच नही होनेवाला."

दोन दिवस खरंच काही झालं नाही. मग परत सुरू. पुन्हा फोन केला तर म्हणाले, "लाईनच अशी यायली. गावात समद्यांची हीच हालत हाये."

मी शेजारी जाऊन उभी राहिले. आमच्याकडे बल्ब थरथरत असताना त्यांच्याकडचा निवांत जळत होता. मागच्या घरीही तसंच. हे मी चाचांना सांगितलं नाही. कसं सांगणार? नवरा म्हणाला, "दुसऱ्या कुणाला तरी बोलावून घे." मी म्हणाले, "त्यांना काय वाटेल?" त्या दिवसापासून तो घरात शिरला की आधी भिंतीवरचे बोर्ड हातानं चाचपून बघायला लागला, गरम झालेत का म्हणून. फ्रीजच्या बाजूचा एक बोर्ड कोमट लागायचा. कान लावला तर आतून बारीक चरचर ऐकू यायची.

तिसऱ्यांदा फोन केल्यावर चाचा आले तेव्हा मी घरीच होते. स्टूल ओढून मीही जवळ उभी राहिले. त्यांनी फ्रीजजवळचा बोर्ड उघडला. पेचकस लावला. पेचकसाच्या मुठीवर त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घट्ट गुंडाळला होता. तो कशासाठी, असं माझ्या मनात आलं आणि गेलं. ते पेच आवळायला लागले. मी बघत होते. पेचकसाचं टोक खाचेतून निसटलं होतं आणि नुसतंच फिरत होतं. चाचांनी दोनदा मनगट फिरवलं, मान हलवली आणि म्हणाले, "बसला." मग तार चिमटीत धरून ओढल्यासारखं केलं आणि पुढच्या पेचाकडे वळले.

मी म्हणाले, "चाचा, तो निसटला वाटतं."

"न्हाई न्हाई. बराबर बसला. हाताला कळतं ना, सिस्टर."

काम झाल्यावर मी चहा आणला. कपबशा धुवायच्या पडल्या होत्या म्हणून स्टीलच्या पेल्यात ओतला होता, उकळता. माझ्याच्यानं धरवेना म्हणून मी पदरानं धरून नेला आणि म्हणाले, "जरा ठेवा खाली, पोळेल." चाचांनी तो सरळ मुठीत घेतला. बोटं भोवती आवळून धरली आणि बोलत बसले, त्यांच्या धाकट्या मुलीच्या बाळंतपणाबद्दल. बोलता बोलता मिनिट गेलं असेल. पेला त्यांच्या मुठीतच होता. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. टोकांना जुने, पिवळट पडलेले फोडांचे डाग होते, एकावर एक.

मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं मी नंतर बऱ्याच वेळा स्वतःला म्हणाले. खरं म्हणजे कळलं होतंच. शुगरचे पेशंट मी रोज बघते. चुलीतला निखारा पायावर पडला तरी न कळलेल्या बाया मी बघितल्यात. पण त्या वेळी मी फक्त म्हणाले, "चाचा, शुगरच्या गोळ्या घेताय ना?" आणि ते म्हणाले, "घेतो की," आणि दोघांनाही ते पुरलं. मी त्यांना दारापर्यंत पोचवलं.

पुढचा एक आठवडा मी काहीच केलं नाही. सकाळी ड्युटीला जायचे, यायचे, दबलेल्या उजेडात स्वयंपाक करायचे. नवऱ्यानं विचारलं की म्हणायचे, बघू.

आठव्या दिवशी दुपारी दवाखान्यात त्याचा फोन आला. आवाज अगदी हळू होता, म्हणून मी जास्त घाबरले. म्हणाला, "घाबरू नको. फ्रीजचा बोर्ड पेटत होता. मी मेन बंद केलाय." त्याची त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती. तो घरी झोपलेला होता म्हणून त्याला वास आला; एरवी दुपारी घराला कुलूप असतं. मी गेले तेव्हा बोर्डाची पांढरी पाटी वितळून खाली ओघळलेली होती आणि वरची भिंत हातभर काळी झाली होती. तो म्हणाला, "आता तरी." एवढंच.

वडीगोद्रीला हायवेच्या बाजूला एक इलेक्ट्रिकचं दुकान आहे. तिथला मिस्त्री नवऱ्याच्या ओळखीचा, चाळिशीचा, अबोल माणूस. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मी त्याला आधीचं काम कोणी केलं ते सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही. मुख्य पेटीचं झाकण काढलं आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.

आतलं काम सुंदर होतं. हे मलाही कळत होतं. लाल तारा एका बाजूला, काळ्या एका बाजूला, प्रत्येकीला सारखाच बाक, कुठे गुंता नाही. त्यानं पेचकस लावला. पहिला पेच दीड फेरा फिरला. दुसरा दोन. तिसऱ्याला नुसतं टोक लागलं तशी तार खाचेतून बाहेर आली.

"न्यूट्रलची पट्टी हाये ही," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "करंट एका तारेनं येतो आन् हिच्यावरून माघारी जातो. माघारी जायचा रस्ताच ढिला आसल तर समदं घर फडफडंल न्हाई तर काय. आन् ढिल्या सांध्यात ठिणगी पडती. मंग जळतं."

त्यानं एकेक बोर्ड उघडला. प्रत्येक ठिकाणी तेच. तारा देखण्या आणि पेच न बसलेले. शेवटच्या खोलीत तो हातातला पेचकस खाली ठेवून स्टुलावर बसला.

"मॅडम, ह्ये उस्तादनी केलंय का?"

मी हो म्हणाले.

"तारेचा बाक बघून वळखलं मी. सहा वर्षं व्हतो त्यांच्या हाताखाली." मग म्हणाला, "त्यांनी आमाला काय शिकवलं म्हाइताय? पेच आवळला की तार वडून बघायची. हाताला कळतंय. एकदा मी ढिला ठिवल्ता तर पक्कड फेकून मारल्ती. अन् आता ह्ये. दारू तर पीत न्हाईत ते."

मी म्हणाले, "दारू नाही. त्यांच्या बोटांना कळत नाही आता काही. शुगर आहे त्यांना."

मग त्यानं जो प्रश्न विचारला तो मी त्या क्षणापर्यंत स्वतःला विचारलाच नव्हता.

"मंग बाकीची घरं?"

त्यानं दुपारपर्यंत आमचं घर सगळं आवळून दिलं. ट्यूब शांत झाली. निघताना मी म्हणाले, "तुम्ही बोलाल का त्यांच्याशी?" त्यानं हात जोडले. "माझ्याच्यानं व्हनार न्हाई. त्यांच्यासमोर आजून मोठ्यानं बोललो न्हाई मी. तुमीच सांगा."

संध्याकाळी मी गेले. पिशवीत शुगर तपासायचं मशीन, कापूस, चिमटा, दोन-चार काडेपेटीच्या काड्या. पेशंट तपासायला निघावं तशी निघाले होते, म्हणून चालणं सोपं जात होतं. वाटेत तीन वर्षांपूर्वीचं शिबिर आठवलं. शाळेच्या पटांगणात टेबल टाकून आम्ही शुगर बघत होतो आणि रांगेत चाचा होते. त्यांचा आकडा बघून मी रागावले होते. महिन्याच्या गोळ्या दिल्या, दर महिन्याला यायचं म्हणून बजावलं. पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. मग कधीच आले नाहीत. रस्त्यात भेटायचे, हात वर करायचे, मीही हात वर करायचे.

बाजाराच्या मागे त्यांच्या दोन खोल्या आहेत. दार चाचींनी उघडलं. चाचा खाटेवर बसून एक जुना पंखा खोलत होते. "आओ सिस्टर," ते खुशीनं म्हणाले. "आज कैसे? लाईट तर ठीक चालू राह्यली ना?"

मी सांगून टाकलं. बोर्ड जळाल्याचं सांगितलं. सगळे पेच ढिले निघाल्याचं सांगितलं. कोणी आवळले तेही सांगितलं.

चाचांचा चेहरा आधी हसराच राहिला, कारण त्यांना खरं वाटलं नाही. "मेरे काम में? सिस्टर, चाळीस साल झाले मला. एकेक तार वडून बघितली व्हती मी. बराबर बसलेली व्हती."

"बघितली असणारच, चाचा. मला तुमचे हात दाखवा."

"हाताला काय झालं?"

"दाखवा तर."

त्यांनी हात पुढे केले. मी म्हणाले, डोळे मिटा आणि मी जिथे लावीन ते बोट सांगा. त्यांनी लहान मुलासारखे घट्ट डोळे मिटले. मी कापूस तर्जनीवर फिरवला. अंगठ्यावर फिरवला. मधल्या बोटावर. ते गप्प होते. मग मी काडीचं टोक लावलं, तेही जरा दाबून.

"लावा की," चाचा म्हणाले.

काडी त्यांच्या बोटावरच होती. चाची शेजारी उभ्या होत्या. त्यांनी तोंडावर ओढणी धरली आणि आत निघून गेल्या.

हातापर्यंत आलेलं असेल तर पायाचं काय, हे मला माहीत होतं. मी म्हणाले, पाय वर घ्या. त्यांनी कुरकुरत चप्पल काढली. उजव्या टाचेला एक काळा ठिपका होता, भोवती लाल आणि सुजलेलं. दाबलं तर पू आला. आत काहीतरी टोचत होतं. मी चिमट्यानं ओढलं तर तारेचा तुकडा निघाला, नखाएवढा लांब, तांब्याचा. चाचा डोळे उघडून बघत होते. दुखल्याचं कसलंही चिन्ह त्यांच्या तोंडावर नव्हतं. मी तो तुकडा कापसावर ठेवला. त्यांनी वाकून बघितलं.

"दीडची हाये," ते म्हणाले. तारेची जाडी त्यांनी नुसत्या नजरेनं सांगितली. मग त्यांना आपण काय बघतोय ते कळलं असावं. त्यांनी पाय खाली घेतला.

"किती दिवसांपासून कळत नाही, चाचा?"

"पेचकस घसरायचा," ते म्हणाले. "मला वाटलं मूठ घासली त्याची. सायकलची ट्यूब गुंडाळली. मंग दुसरा घेतला. वो भी घसरायचा." आणि मग आवाज चढला. "ये बात कोणाकोणाला बोलल्या तुमी?"

"कोणालाच नाही. तुमच्या शागिर्दाला कळलंय, तो आला होता म्हणून."

"मंग झालं. समद्या गावाला कळलं." त्यांनी पंख्याचे सुटे भाग एका कपड्यात गोळा करायला सुरुवात केली. एक नट खाली पडला, तो त्यांना कळलाच नाही. "जाओ सिस्टर. तुमचं काम झालं."

मी म्हणाले, "चाचा, ही जखम दवाखान्यात दाखवायला लागेल. आणि गेल्या वर्षभरात तुम्ही जी जी घरं केलीत..."

"जाओ बोला ना."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी अशा आवाजात कधी बोलले नव्हते. चाची मला सोडायला गल्लीपर्यंत आल्या. म्हणाल्या, "एक साल से कमीज के बटन मैं लगाती, सिस्टर. पूछी तो बोले, चष्मे का नंबर बढ़ा." एवढं बोलून त्या परत फिरल्या.

घरी आले तर सगळे दिवे लख्ख लागले होते. मी पुढच्या खोलीत बसून राहिले. नवऱ्यानं ताट वाढून आणलं. म्हणाला, "तू बरोबर केलंस." माझ्या डोळ्यांपुढे मात्र आठ दिवसांचे सोळा कप चहा होते, मी माझ्या हातानं साखर घालून दिलेले.

तीन दिवस काही कळलं नाही. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. चौथ्या दिवशी वडीगोद्रीच्या मिस्त्रीचा फोन आला. उस्ताद सकाळच्या एसटीनं दुकानात आले होते. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. म्हणाले, "लिख." आणि उभ्या उभ्या घरं सांगत गेले, गेल्या उन्हाळ्यापासूनची. अकरा घरं आणि एक अंगणवाडी. कोणत्या घरात किती बोर्ड, मीटर कुठे, मुख्य पेटी कुठे, सगळं तोंडपाठ.

"मी म्हनलं, उस्ताद, आपुन सांगू की उन्हाळ्यात तारा ढिल्या व्हत्यात म्हनून तपासाय आलोत," मिस्त्री मला सांगत होता. "तर मान हलवली. म्हनले, मी बोलतो."

दोघं मिळून घरोघर गेले. मला हे सगळं मिस्त्रीकडूनच कळलं. चाचा दारात उभे राहून सांगायचे, माझ्या हातानं पेच ढिले राहिले आहेत, मेन बंद करा, हा आवळून देईल. मग भिंतीला टेकून उभे राहायचे आणि मिस्त्री काम करायचा. चार घरांतले बोर्ड काळे पडायला लागलेले निघाले. एका घरात नव्या सुनेनं सांगितलं की बल्ब थरथरतो म्हणून ती महिनाभर सांगतेय, पण सासू म्हणते तुझ्या माहेरी लाईट होती का आधी. अंगणवाडीतल्या ताईंनी दोघांना सतरंजीवर बसवून पाणी दिलं आणि पोरांना बाहेर झाडाखाली नेऊन बसवलं. पण बाजारातल्या एका घरी मालक रस्त्यावर येऊन ओरडला. माणसं जमली. आमची लेकरं जाळायला निघाला होतास, असं तो म्हणाला. चाचांनी ऐकून घेतलं. मिस्त्रीनं त्याच घरातले बोर्ड आवळले आणि मग ते पुढच्या घरी गेले.

बाजारात झालेली गोष्ट गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो? आठवड्यात चाचांना काम सांगणं बंद झालं. दवाखान्यात रांगेत उभ्या असलेल्या बाया मला विचारायच्या, "सिस्टर, त्या मिस्त्रीनं आमचं फिटिंग पंधरा वर्षांमागं केलंय, ते काढून टाकावं का?" मी सांगायचे, तेव्हाचं काम पक्कं आहे, त्यांच्या हातासारखा हात नव्हता. त्या मान हलवायच्या, पण त्यांचा विश्वास बसत नसावा. मी नसते गेले तर हे झालं नसतं, असं मनात यायचं. मग आमच्या स्वयंपाकघराची काळी भिंत डोळ्यांपुढे यायची. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही एकाच वेळी सोसायला लागत होतं.

चाचा टाचेच्या ड्रेसिंगला दवाखान्यात यायचे. मी ज्या दिवशी दुसऱ्या वॉर्डात असेन नेमके त्या दिवशी. कोणाकडून विचारून घेत असतील. जखम भरायला दोन महिने लागले. शुगर आता आटोक्यात आहे, गोळ्या चुकत नाहीत, हे मी रजिस्टरमध्ये बघते. बोटांची जाणीव परत येईल असं मी कोणाला सांगू शकत नाही. सहसा येत नाही.

यादीतल्या अकरा घरांपैकी दहा झाली. अकरावं एका वस्तीवर होतं, वडीगोद्रीपासून दोन-अडीच किलोमीटर आत. नवं बांधलेलं घर. माणसं संभाजीनगरला कंपनीत कामाला गेलेली, घराला कुलूप. मालकाचा फोन लागेना. नंबर बदललेला. मिस्त्रीनं शेजारच्यांना निरोप देऊन ठेवला. मी दर आठवड्याला त्याला विचारायचे, आले का? तो म्हणायचा, "न्हाई आजून." सणावाराला लोक गावी येतात, आले की आधी फ्रीज लावतात, टीव्ही लावतात, गिझर लावतात. हे कोणाला सांगून मन हलकं व्हायचं तेही नव्हतं. दिवाळी जवळ आली तशी माझी झोप कमी झाली.

दिवाळी झाल्यावर लसीकरणाच्या दिवशी एक बाई तान्ह्या मुलीला घेऊन माझ्यापुढे बसली. गाव विचारलं तर तिनं ती वस्ती सांगितली. मी सुई भरता भरता थांबले. म्हणाले, तुमच्या घराचं लाईटचं काम...

"अगंबाई, तुमाला कसं म्हाईत?" ती म्हणाली. "आमी सकाळी आलो आन् समान उतरवतोय तोच एक म्हातारबाबा दारात. सोबत त्यांची मालकीन. रस्त्यावरून पायी आल्ते. आमी येनार म्हनून शेजाऱ्यानं आदल्या दिशी कळवलं व्हतं म्हनं त्यांना. तिथंच उभं राहून म्हनले, मेनला हात लावू नका. आमचे सासरे चिडले. दिवाळीचा दिवस, पाणी भरायचं, मोटार लावायची, आन् ह्यो म्हनतो लाईट लावू नका. सासऱ्यानं मेनकडं हात नेला तर त्या बाबानं हातच जोडले. मंग जाऊन पेटीसमोरच बसले भुईवर, पाठ लावून. त्यांचा मानूस दुपारी आला तवर उठले न्हाईत. चार घंटे. पाणी सुदिक घेतलं न्हाई."

"आणि मग?"

"मंग त्यो मानूस आला, समदं खोलून आवळून दिलं. एक तार तर हातात आली म्हनं त्याच्या." ती मुलीचं झबलं सोडत होती. "म्हातारबाबा जाताना सासऱ्याच्या पाया पडाय लागले. सासऱ्यानं धरलं वरच्या वर."

मी विचारलं, "दोन-अडीच किलोमीटर चालत आले? पायात काय होतं त्यांच्या?"

"बूट व्हते. जाड, बंद." तिला ते आठवून हसू आलं. "त्या मालकीनीनं आमच्या उंबऱ्यात त्यांचे दोन्ही बूट काढाय लावले. आत हात घालून चांगलं चाचपून बघितलं, खडा-बिडा हाये का. पाऊल धरून तळवा बघितला. आन् मंगच परत घालू दिले. आमी समदे बघून राह्यलो की ह्ये काय चाललंय."

पायाची जाणीव गेलेल्या पेशंटच्या घरच्यांना आम्ही हेच सांगतो. चाचींना ते सांगायची वेळ माझ्यावर आली नव्हती. त्या संध्याकाळपासून त्या माझ्याशी बोलतच नाहीत. ड्रेसिंगच्या वेळी दुसऱ्या कोणी सिस्टरनं सांगितलं असेल.

मुलगी हातपाय उडवत होती. मी तिची मांडी धरली आणि आईला म्हणाले, "घट्ट धरा हिला."